दार वाजलं तेव्हा

माझी मुलगी मानसी पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात शिकायला गेली आणि माझं पूजेत लक्ष लागेना. हात फुलं वाहायचे, मन मात्र तिथे आता किती वाजले असतील याचा हिशेब करत बसायचं. बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरात बसून मी ज्या महादेवाला हाक मारते, त्याला ते बर्फाचं गाव ठाऊक तरी असेल का, असंही मनात यायचं. हे मी ह्यांनासुद्धा बोलून दाखवलं नाही.

नाताळच्या सुट्टीत तिचं हॉस्टेल रिकामं झालं. मैत्रिणी आपापल्या देशी गेल्या, ही प्रोजेक्टसाठी थांबली. एका संध्याकाळी फोनवर तिचा आवाज बसलेला वाटला. "थोडी कणकण आहे गं आई, गोळी घेतलीय," म्हणाली. त्यानंतर तिचा फोन बंद. विद्यापीठाच्या ऑफिसात सुट्टीमुळे कोणी फोन उचलेना. हे मेलवर मेल पाठवत होते. दुसरा दिवसही तसाच उजाडला, तेव्हा मला घरात बसवेना. रिक्षा केली आणि अंबरनाथला शिवमंदिरात आले.

तिथे पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. पिंडीपुढे बसले, पण रोजचं स्तोत्र आठवेना. नवस बोलावा म्हटलं तर तेही सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले, "माझे हात तिथवर पोहोचत नाहीत. तूच बघ." आणि वर येऊन बाहेरच्या दगडी कट्ट्यावर टेकले.

शेजारी एक वयस्कर सिंधी बाई प्रसाद वाटत होत्या. माझ्या हातावर खडीसाखर ठेवताना त्या थांबल्या.

"क्या हुआ बेटा? घरी सगळं ठीक आहे ना?"

परक्या बाईपुढे मी कधी रडले नव्हते, पण त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मुलीच्या गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांना ते नीट ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं.

"अरे, माझी भाची तिथेच तर आहे! शादी के बाद वहीं रहती है. रुक, फोन लावते."

भाची तिकडे नुकतीच उठली होती. बाईंनी सिंधीत भराभर काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी हॉस्टेलचा पत्ता आणि माझा नंबर सांगितला. "आंटी, मैं अभी निकलती हूँ. आप घबराना मत," ती म्हणाली. मी घरी परतले आणि फोन मांडीवर घेऊन बसले. रडू थांबलं होतं. का, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी भाचीच्या फोनवरून मानसी बोलली. न्यूमोनिया झाला होता. तिचा फोन हातातून पडून बंद पडला होता आणि तापात जिना उतरण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. रखवालदाराची समजूत घालून भाची वर गेली आणि तिला थेट हॉस्पिटलात घेऊन गेली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

"आई, दार वाजलं तेव्हा मला वाटलं, तूच आलीस," मानसी म्हणाली. मी फोन ह्यांच्यापुढे केला. ह्यांनी फोन घेतला.

हॉस्पिटलातून सुटल्यावर भाचीने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, पुन्हा वर्गात जाऊ लागेपर्यंत. मी उल्हासनगरला त्या बाईंच्या घरी गेले, पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मध्येच धरलं. "मी काय केलं? फोनच तर लावला. त्या दिवशी गुडघे इतके दुखत होते, येणारच नव्हते मी. मग वाटलं, चल, जाऊन येऊ." आणि मला दाल पकवान खायला बसवलं.

याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. मानसी अजून तिकडेच शिकते आहे. फोनला उशीर झाला की काळजात अजूनही धस्स होतं, पण मी कुकर लावते, भाजी चिरते. पूर्वी मी हात जोडून "तिला सांभाळ" म्हणायचे. आता "सांभाळतोयस" म्हणते आणि कामाला लागते.