मामांचं पितळी पिस्तूल

मामा ठाण्याच्या मिठागरांवर कारकून होते. मजुरी वाटायला त्यांना बाळकुमच्या बांधांवरून जावं लागे. एका पावसाळ्याच्या आधी शेजारच्या आगरातल्या कारकुनाला कुणी बांधावर गाठलं, डोकं फोडलं आणि पिशवी नेली. मामांनी कचेरीत पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज टाकला. मी तेव्हा त्यांच्याकडे शिकायला राहत होतो. सरकारविरोधी पत्रकं वाचून डोकं तापलेलं. गोऱ्याने हत्यार बाळगलं तर त्याला कोणी विचारत नाही, आणि आपण आपल्याच गावात जीव राखायला शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सलाम घालायचे! हे मी घरात इतक्यांदा बोललो होतो की परवाना मिळाला तेव्हा मामांपेक्षा मलाच जास्त चढलं.

कल्याणच्या बाजारात एका बोहऱ्याकडे विक्रीचा परवाना होता. त्याने फडक्यावर दोन पिस्तुलं ठेवली. एक पोलादी, आखूड नळीचं, पाच बारांचं. दुसरं पितळी अंगाचं, एकावर एक दोन नळ्या, तळहातात मावेल एवढं.

"हे पाच वेळा बोलेल, पण लपणार नाही," बोहरी म्हणाला. "हे दोनदाच बोलेल, पण घरवालीलासुद्धा कळणार नाही."

"घरवालीला कळणार नाही अशी वस्तू अजून घडायची आहे," मामा म्हणाले.

मी पोलादीच्या बाजूचा. मूठ भरून हाताला लागे, नेमही सरळ बसे. मामांनी ते अंगरख्याखाली कंबरेला खोचून पाहिलं. काडतुसांचं गोल चाक पोटावर फणसासारखं दिसू लागलं, आणि उपसताना घोडा निऱ्यांत अडकून धोतरच सुटायला आलं.

"अरे, चोरापुढे मी धोतर सोडून उभा राहू?"

पितळी मात्र कंबरेच्या कापडी कशात, पैशांच्या पिशवीत, सुरकन उतरलं. मूठ दोन बोटांपुरती, लांबचा नेम नाहीच. माणूस हाताच्या अंतरावर आला तरच त्याचा उपयोग. मामांनी तेच घेतलं.

पुढे खंडेनवमी आली. घरातली विळी, कोयता, अडकित्ता, मामांची लेखणी, सगळं पाटावर मांडलं गेलं. पिस्तूल मामांनी काडतुसं काढून मामींच्या हाती दिलं. पितळेची वस्तू न घासता देवापुढे ठेवायची हे मामींना कसं सोसणार? समई घासावी तसं चिंच आणि राख लावून त्यांनी ते लखलखीत केलं, पाण्याने खळबळलं, उन्हात ठेवलं, मग गंध, कुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाल्यावर मामांनी काडतुसं भरली. पुजलेल्या हत्यारावरचं कुंकू कोण पुसणार?

दसऱ्यानंतरच्या पहिल्या वाटपाला मी मामांबरोबर निघालो. भर दुपार. दोन्ही बाजूंना आगरात साचलेलं पाणी उन्हाने असं चकाकत होतं की पुढचं काही दिसेना. त्या चकाकीतून एक माणूस आमच्याकडे धावत आला. डोक्याच्या वर फावडं उचललेलं, तोंडाने काही ओरडत होता, वारा उलटा. मामा थांबले. मी म्हणालो, "मामा!" तेवढ्यात त्यांनी कंबरेच्या कशातून पिस्तूल काढलं, घोडा ओढला, तो माणूस अगदी जवळ येईपर्यंत थांबले आणि चाप दाबला.

खट्.

बस, एवढंच. माणूस धापा टाकत उभा राहिला. आमच्याच आगरातला मजूर होता.

"दादा, तिकरं नका जाव. बांध फुटलाय." मग त्याचं लक्ष मामांच्या हाताकडे गेलं. कुंकू पाहून तो हसला. "देवाचं क काय हे?"

त्याने फावडं माझ्याकडे दिलं, मामांचा मोकळा हात धरला आणि त्यांना चिखलातून पलीकडे नेलं. दुसऱ्या हातात पिस्तूल तसंच होतं.

घरी मामांनी ते उघडलं. घोड्याच्या खाचेत चिंचेचा चोथा वाळून घट्ट बसला होता, घोडा काडतुसापर्यंत पोचलाच नव्हता. मामींनी देवापुढे साखर ठेवली. मामांनी पान वाढलं तसंच ठेवलं. त्या दिवसापासून घरात सुपारी कातरली गेली नाही. शेजारून अडकित्त्याचा खट् आवाज आला तरी मामा उठून अंगणात जात. कडी लावतानाही आम्ही हळू लावायचो. मीही दचकू लागलो होतो. डोळे मिटले की मला ते उडालेलं पिस्तूल दिसे, म्हणजे जे उडालंच नाही ते. चकाकीत पडलेला माणूस दिसे, आणि त्याच्या पुढे तो फुटका बांध.

हत्यारांचा तो कायदा मला तेव्हाही अन्याय वाटत होता आणि आजही वाटतो. पण त्यावर पत्रक लिहायला बसलो की शत्रूच्या जागी मला त्या मजुराचंच तोंड दिसायचं, धापा टाकणारं.

पुढच्या वाटपाला तो मजूर सगळ्यांच्या शेवटी आला. ते पिस्तूल होतं हे आता त्याला कोणीतरी सांगितलं असावं, किंवा त्याचं त्यालाच उमगलं असावं.

"दादा, त्या दिशी तुमी मला मारनार व्हते?"

मी मामांकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. पूजेची वस्तू आहे, दाखवायला काढली होती, काहीही चाललं असतं.

"हो," मामा म्हणाले. "दाबला होता चाप. उडालं नाही."

त्याने मान हलवली, मजुरी घेतली आणि गेला.

मामांनी पिस्तूल कल्याणला परत केलं आणि तसं त्या मजुराला मुद्दाम सांगितलंही. तो "बरं दादा" म्हणाला. पण त्यानंतर बांधावर मामा समोरून येताना दिसले की तो काही न बोलता आगरात उतरायचा, मांडीएवढ्या पाण्यात उभा राहायचा, आणि मामा पुरते पुढे जाईपर्यंत वर येत नसे.