लाडाचं नाव

“आणि या मिसेस वाघ. जपानमध्ये शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो.”

वृंदानं माझी ओळख अशी करून दिली. माइक हातात, चेहऱ्यावर हसू. सिंगापुरात, पुंगोलला, तिच्या कॉन्डोची फंक्शन रूम. शनिवारची दुपार. समोर मराठी आईबाप आणि युनिव्हर्सिटीत जायच्या वयाची त्यांची मुलं. काही जणांचं मुलांना जपानला पाठवायचं घाटत होतं. तिथलं रोजचं जगणं कसं असतं ते आम्ही दोघींनी सांगायचं, असं ठरलं होतं.

माझं आडनाव वाघमारे आहे. लग्नानंतरही मी ते बदललं नाही, लेकीलाही तेच लावलं. चांगी बिझनेस पार्कमध्ये रोज गळ्यात अडकवते त्या पासवर तेच आहे. वृंदाला हे माहीत आहे. मला वाटलं, बोलताना चुकली. होतं असं.

पहिल्या रांगेत तिची आई होती. पुण्याहून आलेली. उठून पुढे आली आणि माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

“तूच ती वाघ! अगं, किती बोललोय आपण फोनवर. तुम्ही वाघ म्हणजे नगरकडचे का?”

“आई, बस ना तू. सुरू करायचंय,” वृंदा म्हणाली.

इतक्या घाईनं म्हणाली की मला कळलं. ही चूक नव्हती.

‘वाघ’ हे तिनंच मला हॉस्टेलात पाडलेलं नाव. “ए वाघ, ऊठ, आज काचेच्या बाटल्यांचा दिवस आहे,” म्हणून सकाळी कचरा टाकायला उठवायची. “वाघाला थंडी वाजते का गं?” म्हणून माझ्या अंगावर तिचं पांघरूण टाकायची. आईचा फोन आला की स्पीकर लावायची. आई विचारायची, “वाघ जेवली का?” मी लांबून ओरडायची, “जेवले, काकू!”

सोलापूरच्या शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या आडनावापाशी थांबायच्या. चष्म्यावरून बघायच्या. मग पुढचं नाव. तेवढं थांबणं वर्गाला पुरायचं. डबा खाताना माझ्या शेजारची जागा रिकामी असायची. त्याच आडनावातून कुणीतरी लाडाचं नाव काढलं, याचं मला अप्रूप होतं. मी ते मिरवलं. सिंगापुरात पुन्हा भेटलो तेव्हा एमआरटी स्टेशनवर तिनं लांबूनच “वाघ!” अशी हाक मारली, तर माझे डोळे भरून आले होते.

ते लाडाचं नव्हतंच. सोयीचं होतं. वाघ कुणीही असू शकतात. पुढचं ‘मारे’ काढून टाकलं की काकूंना मुलीची रूम पार्टनर चालत होती.

हे सगळं मला त्या पाच-सात पावलांत कळलं, खुर्चीपासून माइकपर्यंत.

मी बोलायला सुरुवात केली. काम करायचं ठरलं होतं, ते केलं. कचरा वेगवेगळा करावा लागतो आणि चुकला तर शेजारची आजी पिशवी परत दारात आणून ठेवते, हे सांगितलं. जेवणाचे तयार डबे भरायच्या कारखान्यात संध्याकाळी भातावर लोणच्यातलं आंबट फळ ठेवायचं काम करायचे, ते सांगितलं. टोपी, मास्क, हातमोजे, फक्त डोळे दिसायचे. मुलं हसली. खोलीत हीटर असला तरी बाथरूममध्ये नसतो म्हटल्यावर आया काळजीत पडल्या.

मग मागून एका मुलीनं विचारलं, “आंटी, दे कॉल यू बाय फर्स्ट नेम ऑर सरनेम अह?”

साधा प्रश्न. जपानला जाणाऱ्या कुणीही विचारावा असा.

“सरनेम,” मी म्हटलं. “प्रोफेसर, दुकानदार, कारखान्यातली सुपरवायझर, सगळे. दिवसभर आडनावच. आणि त्याला मानानं ‘सान’ जोडतात.”

वृंदा माझ्याकडे बघत होती. तिनं मान बारीकशी हलवली. नको. शेवटच्या रांगेतून माझी लेकही बघत होती. ती याच वर्षी जपानला जाणार आहे.

“मला म्हणायचे वागुमारे-सान. त्यांना ‘घ’ यायचा नाही. पण ‘मारे’ कुणी गाळलं नाही. माझं आडनाव वाघ नाही, वाघमारे. आम्ही बौद्ध, सोलापूरचे.”

कुणीतरी खोकलं.

काकूंनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज हळू होता, पण खोली शांत होती.

“म्हणजे तुम्ही दोघी एकाच कुकरमधलं जेवत होता?”

“हो काकू. आणि भात मीच लावायचे.”

मागच्या रांगेत एक बाप मोठ्यानं हसला आणि लगेच गप्प झाला. मी उरलेलं सांगून संपवलं. शिष्यवृत्तीची मुलाखत, भाषेची परीक्षा, सगळं. अर्धवट सोडून गेले असते तर मी पळाले असं झालं असतं.

वृंदानं मला लिफ्टपाशी गाठलं.

“वेडी आहेस का तू? आई सोमवारी परत जाणार होती.”

“हॉस्टेलपासून आईला वाघच सांगितलंस?”

“मग काय करू? खरं सांगितलं असतं तर तिनं मला खोली बदलायला लावली असती. तुझ्यासाठीच केलं ना मी!”

“माझ्यासाठी? मला कधी सांगितलंस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आता काय वाटतंय?”

लिफ्ट आली. लेकीनं दार धरून ठेवलं होतं.

“आई, आंटीनं आपलं नेम कट केलं, इज इट?”

“हो.”

“सो रूड, ला.”

“रूड नाही,” मी म्हटलं. “याला जात म्हणतात.” आणि घरी जाईपर्यंत एलआरटी ट्रेनमध्ये बसून तिला समजावून सांगितलं. इतकी वर्षं सांगायचं टाळलं नव्हतं, पण इतकं स्पष्ट सांगितलंही नव्हतं.

संध्याकाळी वृंदाचा मेसेज आला. “आईचं बीपी वाढलंय. जरा सांभाळून घेतलं असतंस तर?”

सांभाळून तर मलाच घेतलं गेलं होतं, मला न विचारता. थंडीतल्या त्या पांघरुणाचं काय करायचं, हे मला अजून कळत नाही. ते खरं होतं, असं मला वाटतं. पण जी मुलगी आईला सांगायला लाजली, तिच्या खरेपणावर मी पुन्हा घर बांधणार नाही. मेसेजला उत्तर दिलं नाही. तिच्या घरी जाणं बंद केलं. आमच्या दोघींच्या मैत्रिणी समेट घडवायला आल्या, त्यांना चहा दिला आणि विषय बंद केला.

लेकीची बॅग भरून झाली आहे. तिला एकच गोष्ट बजावली आहे: खोली कुणाहीबरोबर घे, पण तिच्या घरच्यांना तुझं नाव तू स्वतः सांग. पूर्ण सांग. पहिल्याच फोनवर. त्यावर कुणी खोली सोडून गेलं तर दार उघडून दे आणि अभ्यासाला बस.