उजव्या आयपीसमधलं धुकं

तिसऱ्या खेपेला मी तोच मायक्रोस्कोप उघडून बसलो होतो. अंगावर थिएटरचा गाऊन, डोक्याला टोपी, पुढ्यात ट्रेमध्ये ओळीने मांडलेले स्क्रू. काचेच्या दाराबाहेर बाकड्यांवर अकरा पेशंट बसलेले. सगळ्यांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालून झालेले, सगळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. आणि माझ्या डोक्याशी उभे राहून डॉक्टर कानडे म्हणत होते, "सोनटक्के, उजवीकडं अजून धूसरच आहे."

मी डोळ्यांच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतो. मुक्काम नांदेडला, पण निम्मा महिना हिंगोली जिल्ह्यात जातो. हा दवाखाना आखाडा बाळापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. धर्मादाय आहे. सोयाबीन घरात आलं की खेड्यांतून आणि तांड्यांवरून लोक मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येतात. सर्जन एकच, डॉक्टर कानडे. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांच्या हाताखाली शोभाताई, त्या ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाऱ्या. पण दवाखाना लहान असल्याने थिएटरमध्येही त्याच मदतीला उभ्या राहतात.

आधी यंत्र सांगतो. ऑपरेशनचा मायक्रोस्कोप म्हणजे स्टँडवर टांगलेली जाड दुर्बीण समजा. खाली पेशंटच्या डोळ्याकडे तोंड करून एक मोठं भिंग असतं, त्याला ऑब्जेक्टिव्ह म्हणतात. त्यातून आलेला उजेड दोन नळ्यांत वाटला जातो. प्रत्येक नळीच्या टोकाला एक आयपीस, तिथे सर्जन डोळे लावतो. दोन नळ्या असतात, कारण माणसाला खोली दोन डोळ्यांनी कळते. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. मोतीबिंदू ज्या पिशवीतून काढतात तिची मागची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते. ती किती खोल आहे हे कळलं नाही आणि तिला टोक लागलं, की ती फाटते.

म्हणून डॉक्टरांनी मला या खेपेला घाईने बोलावलं होतं. आदल्या दिवशी एका पेशंटची ती भिंत त्यांना नीट दिसलीच नव्हती.

"अंदाजानं काम केलं मी," ते म्हणाले. "निभावलं. पण रात्रभर झोप लागली नाही. डोळ्याच्या आत अंदाज चालत नसतो, सोनटक्के."

पहिल्या खेपेला मला उजव्या आयपीसच्या काचेवर बुरशी सापडली होती. पावसाळ्यात भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती पुसली आणि खूश होऊन घरी गेलो. आठ दिवसांत परत फोन. दुसऱ्या खेपेला नळ्यांमधले प्रिझम तपासले. प्रिझम म्हणजे उजेड वळवणारे काचेचे तिकोनी ठोकळे. जागचे हलले नव्हते. काहीतरी करायचं म्हणून मी दिवा बदलून जास्त उजेडाचा बसवला. त्यावर डॉक्टर म्हणाले, "हे तर अजून वाईट झालं."

ते वाक्य तेव्हा मी कानाआड केलं.

आता तिसऱ्यांदा सगळं जोडलं आणि गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा भिंगाखाली ठेवून बघितलं. त्यावरचं बारीक छापील अक्षर न् अक्षर सुटं दिसत होतं. डावीकडून साफ, उजवीकडून साफ.

"सर, मला तर स्वच्छ दिसतंय."

"तुम्ही पाकीट बघून राहिले. मला पिशवी बघायची असते."

मी आमच्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "वाद घालू नको. नळ्यांसकट वरचं अख्खं हेड बदलून टाक. मागवतो मी."

"किती दिवस लागतील, साहेब?"

"तीन आठवडे धर."

तीन आठवडे! मी दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. अकरा माणसं. पहिल्या बाकड्यावर जमुनाबाई राठोड, कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून आलेल्या. पहाटेच दोन जीप बदलून आल्या होत्या. त्यांचा डावा डोळा डॉक्टरांनी गेल्या वर्षी केला होता, आज उजव्याची पाळी होती.

फोन ठेवला आणि ठरवलं, की आता हुशारी बंद. शिकाऊ असताना जसं शिकवलं होतं तसं पहिल्या पायरीपासून जायचं. दोष हलतो का, ते बघायचं. मी दोन्ही आयपीस काढून अदलाबदल केले. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. आयपीसमध्ये खोट असेल तर धुकं त्याच्याबरोबर डावीकडे जायला पाहिजे.

डॉक्टर बसले, डोळे लावले. "उजवीकडंच आहे."

म्हणजे आयपीस सुटले. खोट उजव्या नळीत. पण ती तर मी आत्ताच तपासून जोडली होती! मी शोभाताईंना बसवलं.

"शोभाताई, उजवीकडं कसं दिसतंय?"

"छान दिसतंय की," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे बघून जरा दबकत बोलल्या, "सर, तुमी मान अशी तिरपी करून बघता ना, तसं न्हाई करावं लागत मला. सरळ बसूनच दिसतंय."

"मान तिरपी? कधीपासून?" मी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने. मान दुखते म्हणून पट्टा पण आणला सरांनी."

एकदम तीन गोष्टी एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. उजेड वाढवला की वाईट होतं. मान तिरपी केली की बरं दिसतं. बाकी कुणालाच धुकं दिसत नाही. उजेड वाढल्याने कुठल्याही भिंगाचं चित्र धूसर होत नाही. मी इतकी वर्षं यंत्रं उघडतोय, असं एकही यंत्र भेटलेलं नाही.

पण ज्याच्यात असं होतं असं एक भिंग मला माहीत होतं. ते माझ्या बॅगेत नसतं. ते माणसाच्या बाहुलीमागे असतं.

डोळा आणि हे यंत्र एकाच जातीचे. डोळ्यातही पुढे काच असते, आपण तिला बुबुळ म्हणतो. तिच्या मागे बाहुली, म्हणजे उजेड आत यायचं भोक. तिच्या मागे मसुरीच्या डाळीच्या आकाराचं भिंग. ते उजेड गोळा करून मागच्या पडद्यावर चित्र पाडतं. भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणायचं. मोतीबिंदूचा एक प्रकार असा असतो, की भिंगाच्या पाठीवर बरोबर मध्यभागी लहानसा डाग धरतो. बाहुली मोठी असली तर उजेड डागाच्या बाजूने आत जातो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. उजेड वाढला की बाहुली आकसते, आणि मग राहिलेल्या भोकासमोर नेमका डाग. त्यात मायक्रोस्कोपच्या आयपीसमधून येणारा झोत पेन्सिलीच्या शिशाएवढा बारीक असतो. तो सरळ मधोमध जातो, म्हणजे डागावरच. मान तिरपी केली तरच तो डागाच्या बाजूने निघतो.

खरं सांगतो, मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा. पुढच्याच क्षणी तो विरला. डोळ्याच्या डॉक्टरला एका मेकॅनिकने सांगायचं, की तुमच्या डोळ्यात खोट आहे? कसं सांगायचं?

सांगितलंच नाही. म्हणालो, "सर, शेवटची एक टेस्ट. जरा डावीकडं सरका. डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्यानं डाव्या आयपीसमधून बघा."

"त्यानं काय होणार?"

"बघा तर."

ते सरकले. बघितलं. "धूसर," ते म्हणाले.

"आता उलट. डाव्या डोळ्यानं उजव्या आयपीसमधून."

बघितलं. "साफ." परत पहिल्यासारखं बघितलं. परत उलट. मग त्यांनी डोळे काढले, स्टूल मागे ढकललं, आणि माझ्याकडे बघून हसायला लागले.

"सोनटक्के, तुम्हाला आधीच कळलं होतं व्हय?"

"पाच मिनिटांपूर्वी, सर."

"शोभा, ड्रॉप्स आण."

"कोणत्या पेशंटला, सर?"

"मला."

बाहुली मोठी व्हायला अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात डॉक्टर एका जागी बसले नाहीत. फेऱ्या मारत होते, आणि मधेच थांबून स्वतःलाच प्रश्न विचारल्यासारखं बोलत होते. गाडी चालवताना समोरचा लाइट फार पसरतो, म्हणून मी काच धुवून घेतली. दम्याचा पंप इतकी वर्षं चालू आहे, त्यात स्टेरॉइड असतं, स्टेरॉइडनं हा डाग धरतो. हे मीच पेशंटला सांगतो! मीच!

मग ते पेशंटच्या स्टुलावर बसले, स्लिट लॅम्पच्या पट्टीवर हनुवटी ठेवली. डोळा बारीक उजेडाच्या चिरेत तपासायचं हे यंत्र. पलीकडे, डॉक्टरांच्या जागेवर, शोभाताई. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बोल ना, पोरी."

"आहे, सर. मागच्या बाजूला. मधोमध."

"डावा?"

"डावा साफ आहे."

"सोनटक्के, या. तुम्हीही बघा. तुम्ही शोधलाय तो."

मी डोळे लावले. बाहुली मागून नारिंगी-लाल उजळली होती, आणि तिच्या बरोबर मध्यभागी एक करडा डाग होता, तव्याला चिकटून राहिलेल्या पिठासारखा. तीन खेपा, इतके स्क्रू, दोन प्रिझम, एक दिवा. आणि खोट ही एवढीशी!

"दिसला?" डॉक्टरांनी हनुवटी न हलवता विचारलं. आवाज एखाद्या विद्यार्थ्यासारखा उतावळा.

"दिसला, सर. एकदम साफ."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. कुणाकडे निरोप दिला नाही. टोपी काढून स्वतः बाहेर गेले आणि अकरा माणसांसमोर उभे राहिले.

"आज ऑपरेशन होणार न्हाई," ते म्हणाले. "मशीन चांगली आहे. माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू निघाला. अशा डोळ्यानं मी तुमच्या डोळ्याला हात लावणार न्हाई."

मग जमुनाबाई बोलल्या. "काहून? डागदरला बी होतो व्हय मोतीबिंदू?"

"होतो, माय."

"मंग काढून घ्या की! भेऊन नका राहू. कायी तकलीफ न्हाई. मुंगी चावल्यावानी होतं, आन् दहा मिंटात मोकळं."

हे शब्द न् शब्द डॉक्टरांचेच होते. गेल्या वर्षी टेबलावर त्यांनीच जमुनाबाईंना सांगितले होते. मागच्या बाकड्यावरचे म्हातारे हसले, मग सगळेच हसले, आणि डॉक्टरांनी त्यांना हात जोडले.

त्यांनी लगेच नांदेडच्या एका मित्राला फोन केला. तो सर्जन तिसऱ्या दिवशी आला आणि त्याच मायक्रोस्कोपवर अकराच्या अकरा केसेस केल्या. मी मुद्दाम हजर होतो. पहिल्या केसनंतर मी विचारलं, "सर, उजवीकडं कसं आहे?"

"उजवीकडं काय?" ते म्हणाले. "फर्स्टक्लास आहे." जीव भांड्यात पडला.

साहेबांना मात्र समजवायला वेळ लागला. आमच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये एक रकाना असतो: सदोष भाग कोणता.

"मग हेड मागवू का नको?" साहेब.

"नको, साहेब. भिंग खराब निघालं, पण ते आपल्या यंत्राचं नाही."

"मग कुणाचं?"

"सर्जनचं."

"मग रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

मी लिहिलं, 'यंत्र निर्दोष.' खाली डॉक्टरांनी आनंदाने सही केली.

त्या मित्रानेच पुढच्या आठवड्यात त्यांचा डोळा केला. महिना-दीड महिन्याने मी कळमनुरीकडून परत येताना सहज डोकावलो. डॉक्टरांनी मला पुरतं आतही येऊ दिलं नाही. हाताला धरून थिएटरमध्ये नेलं, ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या तोंडावर घालतात ते कापड उचललं आणि एकदा एक, एकदा दुसरा डोळा मिटून बघायला लागले.

"सोनटक्के, हे निळं आहे! निळं! डाव्यानं बघितलं की मातकट दिसतं. इतकी वर्षं मी याला राखाडी समजत होतो."

"मी आणलं तेव्हापासून निळंच आहे, सर," शोभाताई ट्रे पुसता पुसता म्हणाल्या.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग चहाच्या पाण्यासारखं पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. इतकं हळू होतं, की माणसाला कळत नाही. नवं भिंग घातलं की कळतं. पेशंट दुसऱ्या दिवशी रंगांबद्दल बोलायचे, तेव्हा डॉक्टर मान डोलवून पुढच्या पेशंटकडे जायचे. आता थांबून ऐकतात, आणि आपलंही सांगतात. त्यामुळे राउंडला दुप्पट वेळ लागतो, ही शोभाताईंची तक्रार.

ऑपरेशनं त्यांनी पुन्हा सुरू केलीत. नवं भिंग जवळ-दूर असं बदलत नाही, ते लांबच्या नजरेला बसवलेलं असतं. पण आयपीस शून्यावर ठेवला की मायक्रोस्कोपही चित्र लांबचं असल्यासारखंच दाखवतो, त्यामुळे अडत नाही. पाकिटावरचं वाचायला चष्मा लागतो, तेवढंच.

मी मात्र एक सवय लावून घेतली. आता कुठल्याही दवाखान्यात गेलो, की बॅग उघडायच्या आधी तीन वेगवेगळ्या माणसांना यंत्रातून बघायला लावतो. दहा मिनिटं जातात. काही डॉक्टरांना ते आवडत नाही. तरी लावतो. त्या तिघांत स्वतःला धरत नाही. मलाही आता चाळिशी लागली आहे.