चार नंबरच्या मशीनवरची संमतीपत्रं

आमच्या ऑफिसात नऊ कॉम्प्युटर होते आणि नऊही मी रोज सकाळी पुसत असे. मीरा रोडला स्टेशनच्या पूर्वेला, औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. हाउसिंग सोसायट्यांचे कागद करणं हे तिथलं काम. मीटिंगच्या नोटिसा, शेअर सर्टिफिकेटं, ना हरकत पत्रं, असलं सगळं. मी तिथे चहा करायची, झेरॉक्स काढायची, कपाटातल्या फायली द्यायची-घ्यायची. चौथीपर्यंत शिकले आहे. मराठी सरळ वाचते, इंग्रजी एकेक अक्षर लावून.

कपाटांच्या काळात माझ्यावाचून ऑफिस हलत नव्हतं. कोणत्या सोसायटीची फाइल कोणत्या फळीवर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. मग सगळे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घालायचं ठरलं, आणि मला वाटलं, आता आपल्याला घरी बसवणार. म्हणून मी स्वतःच शेठना म्हटलं, स्कॅनिंग मला शिकवा. शेठ हसले. पण शिकवलं. शिकवलं म्हणजे त्यांनी नाही, मुर्ध्याहून येणाऱ्या क्लार्क मुलीने. मुलगी म्हणते, पण तिला दोन पोरं होती. नवऱ्याची होडी होती, ती विकली, आणि घर हिच्या पगारावर चाललं होतं.

कॉम्प्युटरमध्ये फायलींची खिडकी उघडली की डाव्या हाताला एक पट्टी दिसते. रोज लागणाऱ्या फोल्डरची नावं तिथे लावून ठेवता येतात, म्हणजे दरवेळी आत आत शोधत जायला नको. ऑफिसात सगळे त्याला शॉर्टकट म्हणत. ते नाव म्हणजे फोल्डर नाही, फोल्डर कुठे ठेवलंय ते दाखवणारी नुसती पाटी. पाटी काढली म्हणून घर जात नाही. हे मला आज कळतंय. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर ऑफिसात कोणालाच धड माहीत नव्हतं. डावीकडे नाव दिसलं तर कागद आहेत, नाव नाही तर कागद नाहीत, एवढाच सगळ्यांचा हिशेब.

या पाट्या लावायचं काम त्या क्लार्क मुलीकडे होतं. नवी सोसायटी आली की ती नऊ टेबलं फिरायची. "उठा जरा काका, दोन मिनिटं." नऊ वेळा उठवायचं, नऊ वेळा लावायचं. त्यात प्रत्येकाचं वेगळं. अकाउंटवाल्या काकांनी सगळ्यात वर लोकांच्या कुंडल्यांचं फोल्डर लावून घेतलं होतं, कारण ते जेवणाच्या सुट्टीत पत्रिका जुळवायचे. एकीने मुलाच्या शाळेचे फोटो लावले होते. मला मात्र सोसायट्या जुन्या कपाटाच्या क्रमाने लागायच्या, वरची फळी आधी, मग खालची. ती मुलगी चार नंबरच्या मशीनवर मला तशाच लावून द्यायची. चार नंबर म्हणजे खिडकीजवळचा. स्कॅनर त्यालाच जोडलेला होता. आधी स्कॅनर शेठच्या केबिनमध्ये मुख्य मशीनला होता, पण आमच्या सततच्या ये-जा करण्याला शेठ वैतागले आणि त्यांनी तो बाहेर काढला.

मग शेठनी एक कॉम्प्युटरवाला ठेवला. आठवड्यातून दोनदा यायचा. पाठीवर काळी बॅग, कानात कायम ते गाणी ऐकायचं पांढरं बोंडूक. पहिल्याच दिवशी त्याने नऊही मशीनचे पासवर्ड लिहून घेतले. मला तेच आवडलं नाही.

"कशाला हवेत तुला सगळ्यांचे?" मी विचारलं.

"मावशी, आता ही फिराफिरी बंद. मी एका जागी बसून नऊ मशीनवर एकच लिस्ट टाकणार. सगळ्यांना सेम."

"म्हणजे तू तिथे बसून आमच्या मशीनमध्ये शिरणार."

"शिरणार म्हणजे काय मावशी, चोर आहे का मी?"

"ते मला काय माहीत? आजच तर आलायस."

सगळे हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

एका शुक्रवारी त्याने ती यादी टाकली. शनिवारी सकाळी मशीन सुरू केल्या आणि बोंब झाली. काकांच्या कुंडल्या गेल्या, शाळेचे फोटो गेले, आणि माझी कपाटाची रांग जाऊन इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने सगळं लागलं. काका म्हणाले, "अरे, लोकांची लग्नं अडकतील!" कोणी हाताने परत लावलं, तरी पुढच्या वेळी मशीन सुरू केली की पुन्हा त्याचीच यादी. मला हे फार खटकलं. आपण ठेवलेली वस्तू कोणीतरी रोज उचलतंय आणि आपल्याला दिसत नाही.

सोमवारी शेठनी बेव्हर्ली पार्कच्या एका सोसायटीची संमतीपत्रं मागितली. ती इमारत पाडून नवी बांधायची होती. त्यासाठी एकेका घराची सही असलेलं पत्र लागतं. अठ्ठेचाळीस जमली होती. बरीचशी मी माझ्या हाताने स्कॅन केली होती. मूळ कागद सोसायटीच्या सेक्रेटरीकडे परत गेले होते, आणि नेमका तोच माणूस आता उलटला होता. मूळ कागद देत नव्हता, वर म्हणत होता की एवढी संमती झालेलीच नाही. म्हणजे आमच्याकडच्या कॉपी हाच काय तो पुरावा.

शेठनी फोल्डर उघडलं. आत एकोणीस पत्रं.

दुसऱ्या मशीनवर उघडलं. एकोणीस. नऊही मशीनवर एकोणीस.

"बाकीनी किधर गई?" शेठ गुजराती, चिडले की तिन्ही भाषा एकदम. "ये फोल्डर कोण हाताळते?"

"मी," क्लार्क मुलगी म्हणाली. "पण शेठ, मी डिलीट नाही केलं. सगळी होती. मावशीला विचारा."

माझ्याकडे सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "मी टाकली होती. पुढचं मला माहीत नाही."

हे खरं होतं. पण मी तिथेच थांबले नाही, तेही सांगते. दुपारी शेठच्या केबिनमध्ये चहा द्यायला गेले तेव्हा दार लावून घेतलं आणि म्हटलं, "शेठ, चार-पाच दिवसांपूर्वी मी हिला त्या सेक्रेटरीशी बोलताना पाहिलंय. बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर, ज्यूसवाल्याकडे. चांगली पाच मिनिटं."

"नक्की?"

"डोळे शाबूत आहेत माझे."

मी खोटं बोलले नाही. पाहिलं होतं ते सांगितलं. पण का सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कॉम्प्युटरवाल्यावर माझा संशय होताच. पण त्याला त्या इमारतीशी काय करायचं होतं? हिचं मात्र जुळत होतं. होडी विकलेली, पगार थोडा, आणि सेक्रेटरीच्या खिशात पैसा. मनात एकदा असं जुळलं की मग माणूस कसा चालतो, कसा डबा उघडतो, त्यातही चोरी दिसायला लागते. तिने त्या दिवशी डबा अर्धा टाकला. मला वाटलं, मन खातंय.

संध्याकाळी शेठनी तिला सांगितलं, त्या सेक्रेटरीशी ज्यूसवाल्याकडे बोलताना तुला पाहिलंय, उद्यापासून येऊ नको, पत्रं सापडेपर्यंत घरी बस. तिने पर्स घेतली, खुर्ची आत सरकवली आणि गेली.

माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण मला पक्कं पकडायचं होतं. आणि दुसरं म्हणजे, ती गेली तरी तिच्या बाजूचा एखादा माणूस ऑफिसात असेल असं मला वाटत होतं. काका गप्प होते ते का, असंही मनात आलं. म्हणून मी सापळा लावला. मंगळवारी सकाळी कोणी यायच्या आधी चार नंबरच्या मशीनवर मी एक कागद स्कॅन केला. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका. त्याच सोसायटीच्या फोल्डरला. म्हटलं, ही जर गेली तर काढणारा याच खोलीत आहे. मग मी दिवसभर तिथून हलले नाही. चहा उशिरा केला, बोलणी खाल्ली. त्या मशीनवर कोणी बसलं नाही. कॉम्प्युटरवाल्याचा तो येण्याचा दिवस नव्हता.

तीन वाजता मी डावीकडच्या नावावर दाबलं. आत तीच एकोणीस. पत्रिका नाही.

कोणी आलं नाही आणि तरी कागद नाही. ती मुलगी तर तिकडे मुर्ध्यात घरी. मग काढणार कोण? मी पुन्हा पत्रिका काचेवर ठेवली आणि पुन्हा स्कॅन केली, आणि या वेळी स्क्रीनवरून नजर काढली नाही. स्कॅन झालं की खाली एक बारीक ओळ यायची. कागद कुठे ठेवला ते त्यात लिहिलेलं असतं. इतके दिवस मी ती वाचली नव्हती. त्या दिवशी एकेक अक्षर बघून झेरॉक्सच्या कागदाच्या पाठीवर उतरवून घेतली. रेघा, टिंबं, सगळं. अर्धा तास गेला.

शुक्रवारी कॉम्प्युटरवाला आला. मी तो कागद त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे ते वाच."

त्याने वाचलं. कानातलं बोंडूक काढलं. पुन्हा वाचलं. "मावशी, हे कुठून आणलं?"

"आधी काय आहे ते सांग."

"हे फोल्डर चार नंबरच्या मशीनमध्येच आहे. त्याच्या स्वतःच्या आत. मी लिस्टमध्ये जे टाकलं ते शेठच्या मेन मशीनवरचं. नाव तेच, फोल्डर वेगळं." त्याने कागद खाली ठेवला. "मला वाटलं सगळं मेन मशीनवरच असतं. असायलाच पाहिजे ना."

"असायला पाहिजे. पण तू विचारलंस का तिला? नऊ टेबलं फिरून तीच लावत होती ना पाट्या?"

तो उठून खिडकीजवळच्या मशीनकडे गेला.

त्याने चार नंबरवर आत जाऊन दाखवलं. एकोणतीस पत्रं तिथे होती, आणि त्यांच्या खाली माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका दोनदा. स्कॅनर केबिनमध्ये असेपर्यंत झालेली एकोणीस मुख्य मशीनवर, आणि बाहेर आल्यावरची चार नंबरमध्ये. त्या मुलीने दर टेबलावर दोन्हीकडच्या पाट्या लावल्या होत्या, तेव्हा कोणाचं काही अडलं नव्हतं. याने एका दमात सगळ्यांच्या काढल्या आणि एकच लावली, आणि पाटी गेली म्हणजे कागद गेले असं तिलाही वाटलं.

शेठनी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरवाल्याला दोन शिव्या दिल्या. मग मला म्हणाले, "मावशी, तू सारू काम किया. आता तिला फोन करते."

"फोन नको. मी जाते," मी म्हटलं.

मुर्ध्याला तिच्या घरी गेले तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत होती. सासू दारात उभी. मला बघून म्हणाली, "आली का ऑफिसवाली? आमची सून चोर न्हाय हाय, ऐकलंस?"

"ऐकलं. नाहीच आहे ती," मी म्हटलं आणि मुलीला सगळं सांगितलं. चार नंबर, बारीक ओळ, पाट्या. ती ऐकत होती, हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "सेक्रेटरीचं शेठना कोणी सांगितलं?"

मला दुसऱ्या कोणाचं नाव घेता आलं असतं. मला माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं.

"मी सांगितलं," मी म्हटलं.

"मला वाटलंच होतं." तिने सुकटातली एक काडी फेकली. "तो मला विचारत होता, किती पत्रं जमली. मी म्हटलं, शेठना विचारा. तेवढंच बोलले. तुम्ही समोरच्या फुटपाथवर उभ्या होतात, मला दिसलात. हाक मारली असती तर तुम्हालाही ऐकू आलं असतं."

मी चपला घातल्या आणि निघाले.

सोमवारी ती आली. शेठनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं की चूक झाली, आणि आता यादी टाकण्याआधी कॉम्प्युटरवाल्याने तिला विचारायचं. तिने पहिलं काम केलं ते म्हणजे चार नंबरमधली पत्रं मुख्य मशीनवर नेली. मग तिच्या सांगण्यावरून एक यादी झाली, नऊही मशीनवर तीच. काकांच्या कुंडल्यांना जागा मिळाली, माझ्या कपाटाच्या क्रमाला नाही. मी मागितलीही नाही.

माझ्याशी ती बोलते. मावशीच म्हणते. कागद कुठला, कोणत्या फोल्डरला, सगळं नीट सांगते. फक्त जेवायला उठताना तिची मशीन बंद करून जाते, पासवर्ड लावून. आधी कधी करत नव्हती. एकदा मला तिच्या मशीनवर पुसताना काहीतरी बघायचं होतं, तर काळ्या पडद्यावर नुसता पासवर्डचा चौकोन. काका म्हणाले, "तुमच्यासाठीच लावलाय तो, मावशी."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी पण लावला असता."