बिनआवाजाचं पीस

डेपोत त्याला सगळे पावइंच म्हणत. बस कितीही अरुंद गल्लीत घाला, भिंत आणि आरसा यांच्यात पाव इंच राखून हा ती बाहेर काढणार. सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. बोलणंही तसंच मापाचं. भाजी कशी झालीय असं बायकोनं विचारलं, तर जेवण उरकून, हात धुऊन, मग उत्तर द्यायचा. तोवर बिचारी विचारलेलं विसरून गेलेली असायची. अशा माणसावर झोपेत गाडी नाल्यात घातल्याचा आळ आला.

गाडी रात्रीची होती, टेकडी उतरतानाचं शेवटचं वळण. प्रवासी पाचच, त्यांचं खरचटण्यावर भागलं. कंडक्टर मात्र दारापाशी उभे होते. ते बाहेर फेकले गेले आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पावइंच त्यांना मास्तर म्हणायचा. चौदा वर्षं दोघं एकाच गाडीवर. मास्तरांनी एकदा घंटी वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. कित्येक रात्री त्यांच्यात एवढंच बोलणं व्हायचं आणि तेवढं दोघांना पुरायचं.

जबाबात त्यानं जे पाहिलं ते लिहून दिलं. डावीकडून मोठा शिकारी पक्षी काचेसमोर आला. पंखांचा पसारा निम्म्या काचेहून जास्त. गरुड होता. माझ्या खिडकीला चाटून गेला. खिडकी उघडी होती, तरी पंखांचा आवाज आला नाही.

चौकशीच्या साहेबांनी शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली. "एवढं धूड कानाजवळून गेलं आणि तुम्हाला फडफड ऐकू आली नाही? गाडीतला एक स्क्रू ढिला झाला तरी तुम्हाला ऐकू येतो म्हणे."

"येतो, साहेब."

"आणि गरुड रात्री झोपतो. तुम्ही झोपला होतात की नाही, तेवढं सांगा."

त्याला सांगता येईना. बदली ड्रायव्हर आला नव्हता म्हणून त्या दिवशी त्याची डबल ड्यूटी झाली होती. झोप येऊ नये म्हणून तर त्यानं खिडकी उघडी ठेवली होती. पक्षी दिसला होता यात त्याला शंका नव्हती, पण स्वप्नातलंही माणसाला स्पष्टच दिसतं. बिनआवाजाचा पक्षी स्वप्नाखेरीज कुठे असणार? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. मग मास्तरांचा पाय आपण झोपेत खाल्ला, असं त्याला वाटू लागलं. तीनदा तो हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला आणि तीनदा मागे फिरला.

हेडक्लार्क भला माणूस. म्हणाला, "जबाब बदलून घेऊ. कुत्रं आडवं आलं असं लिहा. फाइल बंद."

बायकोचंही तेच. "अहो, म्हणा ना कुत्रं. कुत्र्याला कोण साक्षीला बोलावणार आहे?"

"कुत्रं नव्हतं," तो म्हणाला.

"मग काय होतं?"

"तेच तर कळत नाहीये." आणि भरल्या ताटावरून उठला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं जेवण टाकलं होतं. तिनं पुन्हा कुत्र्याचा विषय काढला नाही.

महिन्याभरानं वर्कशॉपच्या फिटरनं त्याला हाक मारली. उजव्या आरशाच्या दांड्याच्या खाचेत एक पीस अडकलं होतं. वीतभराहून लांब, तपकिरी, आडव्या काळ्या पट्ट्यांचं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "कोंबडीचंही असेल." कोंबडीबद्दल साहेबांचं ज्ञान ताटापुरतंच असावं.

पावइंच पीस वहीत घालून कॉलेजात गेला. तिथे एका खोलीत जुन्या पक्ष्यांची कपाटं होती. ती सांभाळणाऱ्या बाईंनी पीस बघण्याआधी त्याचंच सगळं ऐकून घेतलं.

"डोळे दिसले?"

"दोन्ही एकदम, समोर. इंडिकेटरच्या काचेसारखे नारिंगी."

"डोक्यावर काही?"

हे त्यानं जबाबात घातलंच नव्हतं. "दोन तुरे होते. कानांसारखे. म्हटलं, पक्ष्याला कान लिहिले तर वेड्यात काढतील."

"मग गरुड का म्हणालात?"

"एवढा मोठा शिकारी पक्षी दुसरा कोणता असतो? घुबडं डेपोच्या छपरात आहेत आमच्या. मुठीएवढी."

बाईंनी खालचा खण ओढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत पाठीवर झोपवलेला एक पक्षी होता, तान्ह्या मुलाएवढा. डोळ्यांच्या जागी कापूस, डोक्यावर दोन तुरे. त्याच्या पंखाशेजारी त्यांनी पीस ठेवलं. पट्टीला पट्टी जुळली.

"शृंगी घुबड," बाई म्हणाल्या. "आता डोळे मिटा."

त्याच्या कानाजवळ सूं असा आवाज झाला. "हे गरुडाचं पीस. आता तुमचं." तो वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा बाईंचा हात केव्हाच खाली आला होता. पिसाच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दात होते, ते त्यांनी त्याला भिंगातून दाखवले. या दातांमुळे वारा कापल्याचा आवाज होत नाही, सावजाला चाहूल लागत नाही. साहेबांनी लाल रेघ मारलेली ओळ बाईंनी आपल्या पत्रात जशीच्या तशी उतरवली आणि खाली लिहिलं की, माणूस जागा असल्याशिवाय आणि त्याचे कान उघडे असल्याशिवाय त्याला हे सांगता येणार नाही.

चौकशीचा शेवटचा दिवस होता, पत्र ऑफिसात तीनच्या आत द्यायचं होतं. दीड वाजला होता. तो मास्तरांच्या घरी गेला.

वहिनींनी दार उघडलं, बसा म्हणाल्या नाहीत. मास्तर लाकडी खाटेवर पडले होते. पांघरूण उजवीकडे मध्येच सपाट झालं होतं.

"ये, पावइंच," ते म्हणाले. "जिवावरचं पायावर निभावलं बघ."

तो हसला नाही. "मास्तर, मी झोपलो नव्हतो."

"मी मागे तोंड करून उभा होतो. मला काही दिसलं नाही. विचारलं तेव्हा तेवढंच सांगितलं मी. पण खरं सांगू? इथे पडल्या पडल्या रोज वाटतं, झोपला असेल. वाईट वाटतं आणि तरी वाटतं."

"मलाही वाटत होतं."

त्यानं वही उघडली. "जरा डोळे मिटा."

मास्तरांनी मिटले. वहिनी दारातच थांबल्या होत्या. त्यानं पीस मास्तरांच्या कानाजवळून फिरवलं, मग दुसऱ्या बाजूनं, जोरात.

"हं, कर काय करायचं ते," मास्तर म्हणाले.

"दोनदा केलं, मास्तर."

त्यांनी डोळे उघडले. पीस हातात घेतलं आणि स्वतःच्याच कानापाशी पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. मग ते छातीवर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानशिलावर उतरलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ऑफिसात दिलंस हे?"

"नाही. आधी इकडे आलो."

वहिनींनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. तो पाणी प्यायला, पीस वहीत ठेवलं, पण त्याचा पाय निघेना. खाटेपाशी तसाच उभा राहिला.

मास्तरांनी हात बाजूला टाकला आणि खाटेच्या लाकडावर बोटाच्या पेरानं वाजवलं. दोनदा.