समोर कुणी नाचत नव्हतं

संक्रांतीच्या कार्यक्रमाला माझ्या ड्रमच्या सरांना बोलवू या, असं परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मीच बोलून बसले. पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीत संध्याकाळी त्यांचा क्लास असे. सर पश्चिम आफ्रिकेतले, गिनीचे. ते जेंबे नावाचा हातढोल वाजवायचे, दोन मुलं मागे ठेका धरायची आणि मी हातातली लोखंडी घंटा वाजवायचे. घंटा चुकली की सगळेच कोसळणार, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून मी त्या घंटेला वचकून होते.

"आमची माणसं तालवेडी आहेत," मी सरांना फुशारकीने सांगितलं. "तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतील."

मंडळातल्या एका काकूंनी मात्र एवढंच विचारलं, "त्यांच्याबरोबर अजून किती जण येणारेत? नाही म्हणजे, पार्किंग लॉट सेफ आहे ना?" मला इतका संताप आला, आणि तरी मी गप्प बसले.

कार्यक्रम पार्सिपनीच्या एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. पडदा उघडला. डोळ्यांवर लख्ख दिवे, समोर नुसता काळोख. सरांनी सुरुवातीचा इशारा वाजवला, आम्ही ठेका उचलला, आणि काहीतरी बिनसलंय हे मला लगेच कळलं.

नेवार्कला त्यांच्या ओळखीच्यांकडे एका बारशाला मी सरांना ऐकलं होतं. तिथे खुर्च्या भिंतीला लावून मधली जागा मोकळी ठेवलेली. एक जाडजूड बाई पुढे आली आणि सर तिच्या पायांकडे बघत वाजवू लागले. तिने खांदा उडवला की इकडे थाप पडे. नंतर सर म्हणाले, "मी एकट्याचं काही वाजवत नाही. जो समोर येईल, त्याला वाजवतो."

आता समोर कुणी नव्हतं. आमची माणसं काळोखात हाताची घडी घालून अगदी शांत बसलेली असणार. आमच्यात तो मान असतो, पण सरांना ते कसं कळावं? ते काळोखात बघत तेच ते बोल पुन्हा वाजवत होते, दरवेळी आणखी हळू. क्लासमध्ये आमच्यावर गरजणारा हा माणूस बिचकत वाजवत होता. मीच त्यांना इथे आणलं होतं, आणि माझ्याच माणसांपुढे त्यांची शोभा होत होती.

कुणीतरी नाचायला हवं होतं. आमच्यात क्लासमध्ये नाचही शिकलेली फक्त मीच, आणि घंटा माझ्याच हातात होती.

काळी चंद्रकळा सावरत, घंटा वाजवत मी उठले आणि सरांपुढे जाऊन उभी राहिले. पहिलं पाऊल पडलं ते नाचाचं नव्हतंच. सरांनी नेमकं तेच उचललं. माझा पाय अडखळला, जेंबे अडखळला. माझे गुडघे कापत होते, तसंच त्यांच्या बोटांनी जेंबेचं कातडं थरथरवलं. माझी भीती हॉलभर ऐकू येत होती! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मी थांबले असते तर ते पुन्हा एकटे पडले असते, म्हणून नाचत राहिले. हळूहळू त्यांचे हात सुटे झाले. नेवार्कला ऐकलेली ती थाप एकदाची पडली. टाळ्याही वाजल्या. माझं मात्र शेवटपर्यंत सगळं लक्ष घंटेत होतं.

पडद्यामागे मला रडूच फुटलं. "सॉरी सर. मी किती घाबरलेय, ते सगळ्यांना कळलं."

"मीही घाबरलो होतो," जेंबे पिशवीत घालत ते म्हणाले. "एकट्याला ती भीती वाजवता येईना." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गाडीपर्यंत माझ्याबरोबर येशील? येताना पार्किंग लॉटमध्ये तुमच्यातल्या दोघांनी मला अडवलं. इथे काय काम आहे, म्हणून विचारत होते."

मी साडीवरच कोट चढवला आणि त्यांच्याबरोबर निघाले. घंटा अजून हातातच होती.