वर धरलेलं मुसळ

मुरबाडच्या आमच्या कारखान्यात पौर्णिमा जाधव बोलायला लागली की मशीननंसुद्धा गप्प बसावं! सापगावची पोरगी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. दोन हजार एक साली तिला सोल्डरिंगवरून उठवून कॉम्प्युटरपुढं बसवलं. सर्किट बोर्ड बनवण्याआधी तो कॉम्प्युटरवर चालवून बघायचा, हे तिचं काम. मी शेजारी टेस्टिंगला होतो.

चिपमधून सिग्नल बाहेर ढकलायला दोन स्विच असतात, एक वर ओढणारा, एक खाली. एक उघडतो तेव्हा दुसरा मिटतो. हे होताना व्होल्टेज कसं बदलतं, ते पौर्णिमानं स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर, मोजून तक्त्यांत भरलं होतं. कोणता स्विच कधी किती उघडा, हे कॉम्प्युटर त्या तक्त्यांवरूनच ठरवायचा.

पण वेग वाढवला की कॉम्प्युटरच्या पडद्यावरची सिग्नलची लाट मध्येच तुटायची. नमुन्याचा खरा बोर्ड मात्र त्याच वेगात झकास चालत होता. आमचे साहेब सतीश सर म्हणाले, "सोमवारपर्यंत दोन्ही लाटा जुळल्या नाहीत तर हे काम मुंबईला देऊ." म्हणजे पौर्णिमा परत सोल्डरिंगला! पोरीचं तोंड एवढंएवढंसं झालं. मला तर सरांचा असा राग आला!

रविवारी तिच्या घरी वर्षाचा मसाला कांडायला काढला होता. आई चिमाबाई आणि चुलती रत्ना समोरासमोर. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. रत्ना बोलण्याच्या नादात मुसळ वरच धरून राहिली आणि दोन्ही मुसळं एकमेकांवर आपटली. चिमाबाई कडाडली, "वर धरून काय बसलीस गो? माझी पाळी आली नाय का!"

पौर्णिमा मिरच्या टाकून ताडकन उठली. तिच्या तक्त्यांचंही हेच झालं होतं! प्रत्येक तक्त्याच्या सुरुवातीला, स्विच हलण्याआधीचा, काहीच न बदलणारा सपाट वेळ तिनं काळजीपोटी भरपूर ठेवला होता. त्यामुळे वेग वाढला की तक्ता संपायच्या आत दुसऱ्या स्विचची पाळी यायची आणि कॉम्प्युटर उरलेला भाग सोडून द्यायचा.

सोमवारी तिनं सगळ्या तक्त्यांतून तो रिकामा वेळ सारखाच कापला, म्हणजे दोन्ही स्विचांचा मेळ बिघडायला नको. बटण दाबलं. लाट शेवटपर्यंत गेली, आणि स्कोपवरच्या लाटेशी तंतोतंत जुळली! मी खुर्चीवर चढून टाळ्या पिटल्या. सर हसले, म्हणाले, "काम इथंच राहू दे."

पौर्णिमा धावत फोनच्या बूथवर. सापगावच्या दुकानात फोन करून तिनं आईला बोलावून घेतलं आणि मुसळापासून लाटेपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. "आये, मी कॉम्प्युटरवरच राह्यले गो! रत्नाकाकीला पण सांग!"

"तिला नाय सांगायची मी," चिमाबाई म्हणाली, "आता ती रोजच मुसळ वर धरून बसंल."